डब्ल्यूएनबीएचा हिशोब: महिलांचं बास्केटबॉल किती वाढलं आणि पैसा कुठे अडला

२०२५-२६ च्या हंगामासाठी एनबीए या अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या स्टीफन करीचा पगार सुमारे ५ कोटी ९६ लाख डॉलर आहे. २०२५ च्या हंगामात डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमधल्या कुठल्याही खेळाडूला मिळू शकणारा जास्तीत जास्त मूळ पगार होता २,४९,२४४ डॉलर. फरक जवळपास २४० पट. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चर्चा लगेच दोन बाजूंना फाटते. एक बाजू म्हणते, हा सरळ अन्याय आहे. दुसरी म्हणते, आधी तेवढे प्रेक्षक आणा, मग पगार मागा.

दोन्ही बाजू हिशोब अर्धवट सोडतात. उत्पन्न किती, ते कुणी ठरवलं, त्यातलं खेळाडूंपर्यंत किती पोचलं आणि लीगचं वय काय, हे चारही प्रश्न एकत्र धरले तरच महिलांच्या बास्केटबॉलची वाढ नीट दिसते. अमेरिकेत हे सगळे आकडे बऱ्यापैकी उघड असतात, त्यामुळे हा हिशोब करता येतो.

आधी मैदानावरचा फरक, थोडक्यात. रिंगची उंची दोघांनाही १० फूट, रिंगचा व्यास १८ इंच. महिलांच्या चेंडूचा घेर २८.५ इंच, पुरुषांच्या चेंडूचा २९.५ इंच, वजनात साधारण दोन औंसांचा फरक. थ्री-पॉइंटची रेषा समोरून महिलांसाठी ६.७५ मीटर, एनबीएत ७.२४ मीटर. सगळ्यात महत्त्वाचा फरक वेळेचा आहे: एनबीएचे चार क्वार्टर १२-१२ मिनिटांचे, डब्ल्यूएनबीएचे १०-१० मिनिटांचे. ४० मिनिटांचा सामना हीच जगभरची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, ४८ मिनिटांचा एनबीएच वेगळा. म्हणून दोन्हीकडच्या 'सरासरी गुणांची' थेट तुलना करू नये. ४० मिनिटांच्या सामन्यातले २० गुण म्हणजे त्याच वेगाने ४८ मिनिटांतले २४.

वयाचा मुद्दा

एनबीए सुरू झाली १९४६ साली, दुसऱ्या नावाने, ११ संघांनिशी. पुढच्या काही वर्षांत संघ आले, बंद पडले, आणि १९५४-५५ चा हंगाम संपला तेव्हा उरले होते फक्त आठ. १९८० साली मॅजिक जॉन्सनच्या पहिल्याच हंगामात लेकर्सनी फिलाडेल्फियाला हरवून विजेतेपद जिंकलं, तो निर्णायक सामना सीबीएसने अमेरिकेच्या बहुतेक शहरांत थेट दाखवलाच नाही. रात्री उशिरा त्याचं रेकॉर्डिंग दाखवलं. संध्याकाळच्या मालिका हलवण्याइतकी अंतिम सामन्याची किंमत चॅनेलला वाटत नव्हती. एनबीएचा तो ३४ वा हंगाम होता.

डब्ल्यूएनबीएचा पहिला सामना २१ जून १९९७ रोजी झाला, लॉस एंजेलिस स्पार्क्स विरुद्ध न्यूयॉर्क लिबर्टी. २०२५ चा हंगाम हा तिचा २९ वा. आज आपण जिला 'एनबीए' म्हणून ओळखतो ती ऐंशीच्या वयाची, जगभर प्रक्षेपित होणारी संस्था आहे. तिशीच्या आतल्या लीगची तुलना करायचीच तर १९७४-७५ च्या एनबीएशी करायला हवी.

पण वयाचा मुद्दा ताणूनही चालत नाही, कारण महिलांच्या लीगचा आलेख सरळ वर गेलेला नाही. सुरुवात दणक्यात झाली होती. आठ संघांवरून तीन वर्षांत १६ संघ, १९९८ साली सामन्यामागे सरासरी जवळपास ११ हजार प्रेक्षक. मग घसरण लागली. २०१० पर्यंत संघ उरले १२. ह्यूस्टन कॉमेट्स या संघाने लीगची पहिली चारही विजेतेपदं जिंकली होती, १९९७ ते २००० सलग. तो संघसुद्धा २००८ साली बंद झाला.

याचं कारण मालकीच्या रचनेत सापडतं. सुरुवातीला सगळे संघ लीगच्या, म्हणजे पर्यायाने एनबीएच्या सामायिक मालकीचे होते आणि त्या-त्या शहरातला एनबीए संघ ते चालवायचा. २००२ मध्ये ही पद्धत बदलली, आणि संघ सांभाळायचा की सोडायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं झालं. ज्या मालकाकडे पुरुषांचा मोठा संघ आहे त्याच्या वहीत महिला संघ ही शेवटच्या पानावरची नोंद असते. तोटा छोटा असला तरी तीच नोंद आधी खोडली जाते. क्लीव्हलँड, शार्लट आणि सॅक्रामेंटोचे संघ असेच गेले. उलट कनेटिकट सन हा संघ मोहेगन या मूळ अमेरिकन आदिवासी जमातीने विकत घेऊन आपल्या कसिनोच्या आवारातल्या अरीनात आणला, आणि तिथे तो वर्षानुवर्षं टिकला. त्यांच्यासाठी तो संघ हाच मुख्य खेळ होता.

न्यूयॉर्क लिबर्टीचं उदाहरण तर प्रयोगशाळेतल्यासारखं आहे. हा लीगचा मूळ संघ, शहराच्या मध्यावर मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळणारा. मालकांनी तो विकायला काढला आणि २०१८ मध्ये त्याला शहराबाहेर वेस्टचेस्टरच्या एका जुन्या छोट्या सभागृहात हलवलं. प्रेक्षकसंख्या सरासरी तीन हजारांच्या आत आली. 'न्यूयॉर्कला महिलांचं बास्केटबॉल नको आहे' असं म्हणायला हा आकडा सोयीचा होता. २०१९ मध्ये जो त्साय यांनी संघ घेतला आणि पुढे तो ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमध्ये आणला. २०२४ मध्ये तिथे सरासरी साडेबारा हजारांच्या आसपास लोक येत होते, त्याच वर्षी संघ विजेता ठरला, आणि २०२५ मध्ये हिस्सेविक्री झाली तेव्हा संघाचं मूल्य ४५ कोटी डॉलर धरलं गेलं. शहर तेच, खेळ तोच. मधल्या काळात जागा, वेळ आणि मालकाचं लक्ष बदललं.

किंमत विचारलीच गेली नव्हती

खेळातला मोठा पैसा प्रक्षेपण हक्कांतून येतो. तिकिटं आणि टी-शर्ट त्यानंतर. महिलांच्या बास्केटबॉलची खरी अडचण इथे आहे: त्याचे हक्क बहुतेक वेळा स्वतंत्रपणे विकलेच गेले नाहीत. मोठ्या मालाबरोबर ते जोडून दिले गेले.

अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धांचं पाहा. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे हक्क सीबीएस आणि टर्नरकडे स्वतंत्र करारात, १४ वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरला, आणि नंतर त्यात आठ वर्षांची ८८० कोटींची भर. महिलांची स्पर्धा मात्र इतर अनेक खेळांच्या अजिंक्यपद स्पर्धांबरोबर एकाच गाठोड्यात ईएसपीएनला दिलेली, आणि सगळं मिळून वर्षाला साधारण ३.४ कोटी डॉलर. 'मार्च मॅडनेस' हे प्रसिद्ध नावसुद्धा २०२२ पर्यंत महिलांच्या स्पर्धेला वापरायला मिळत नव्हतं. २०२१ मध्ये महिला संघांच्या व्यायामाच्या जागेत डंबेल्सचा एक लहानसा स्टँड आणि पुरुषांकडे भरलेला हॉल, असा व्हिडिओ एका खेळाडूने टाकला. त्यातून जी चौकशी झाली तिच्या अहवालात अंदाज दिला होता की एकट्या महिला स्पर्धेचे हक्क २०२५ च्या सुमारास वर्षाला ८.१ ते ११.२ कोटी डॉलरचे असतील. २०२४ च्या नव्या करारात ही स्पर्धा पुन्हा गाठोड्यातच राहिली. फक्त तिची किंमत आता वर्षाला ६.५ कोटी धरली गेली.

त्याच वर्षीचा महिलांचा अंतिम सामना, साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा, सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांचा अंतिम सामना साधारण १ कोटी ४८ लाखांनी. कॉलेज बास्केटबॉलमध्ये महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या पुढे जाण्याची ती पहिलीच वेळ. इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट जोडली पाहिजे. महिलांचा सामना रविवारी दुपारी, घरोघरी फुकट दिसणाऱ्या एबीसीवर होता, आणि पुरुषांचा सोमवारी रात्री, पैसे भरून घ्यायच्या केबल चॅनेलवर. काही लोक हे महिलांचा विक्रम कमी लेखण्यासाठी सांगतात. मला त्यातून नेमकं उलटं दिसतं. चांगलं चॅनेल आणि चांगली वेळ मिळाली की प्रेक्षकसंख्या काय होते, याचा तो पुरावा आहे, आणि ती वेळ आधीची कितीतरी वर्षं पुरुषांच्याच वाट्याला येत होती.

व्यावसायिक लीगमध्येही हेच. २०२४ मध्ये एनबीएने डिस्ने, एनबीसी आणि ॲमेझॉनशी ११ वर्षांचे सुमारे ७,७०० कोटी डॉलरचे करार केले. डब्ल्यूएनबीएचे हक्क त्याच वाटाघाटीत गेले आणि तिच्या नावावर २२० कोटी लागले, म्हणजे २०२६ पासून वर्षाला सरासरी २० कोटी. त्याआधी हीच रक्कम वर्षाला ६ कोटींच्या आसपास असल्याचं सांगितलं जात होतं. तिप्पट वाढ नक्कीच मोठी आहे. पण हा आकडा खुल्या लिलावात महिलांच्या सामन्यांवर बोली लावून आलेला नाही. एका मोठ्या सौद्याच्या आतली ती वाटणी आहे. भारतात महिला प्रीमियर लीगचे हक्क २०२३ मध्ये वेगळे विकले गेले, पाच वर्षांसाठी ९५१ कोटी रुपये. आयपीएलच्या ४८,३९० कोटींपुढे ती रक्कम लहान आहे, पण ती कुणीतरी फक्त महिलांच्या क्रिकेटसाठी मोजलेली आहे. डब्ल्यूएनबीएच्या मुख्य हक्कांना असा स्वतःचा आकडा नाही, आणि पगाराच्या वाटाघाटीत त्याची उणीव जाणवते.

वाटा

आता पगार. २०२५ पर्यंत दोन लीगमधला फरक निव्वळ रकमेचा नव्हता, सूत्राचा होता.

एनबीएत बास्केटबॉलमधून येणाऱ्या एकूण उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा, असं करारातच लिहिलेलं असतं. ही पद्धत १९८३ च्या करारातून आली. तेव्हा वाटा ५३ टक्के आणि संघाची पहिली पगारमर्यादा, म्हणजे एका संघाच्या सगळ्या खेळाडूंच्या एकत्रित पगाराची मर्यादा, ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ मध्ये तीच मर्यादा १५ कोटी ४६ लाखांवर आहे. उत्पन्न वाढलं की मर्यादा आपोआप वर जाते. खेळाडूंना दरवर्षी भांडावं लागत नाही.

डब्ल्यूएनबीएचा २०२० चा करार वेगळ्या पद्धतीने लिहिला होता. त्यात जास्तीत जास्त पगार २,१५,००० डॉलरपासून सुरू होऊन दरवर्षी ठरावीक ३ टक्क्यांनी वाढायचा. पाच वेळा ३ टक्के लावून पाहा, बरोबर २,४९,२४४ येतात. संघाची मर्यादाही १३ लाखांवरून त्याच दराने १५ लाख ७ हजारांवर पोचली. मधल्या काळात स्टेडियम भरली, जाहिरातदार आले, पण पगार त्या ३ टक्क्यांच्या जिन्यावरूनच चढत राहिला.

उत्पन्नात वाटा देणारं एक कलम त्या करारातही होतं. लीगचं उत्पन्न ठरलेल्या लक्ष्याच्या वर गेलं तर वरची रक्कम निम्मी-निम्मी वाटायची. गोम अशी की लक्ष्य संचित धरलं होतं, म्हणजे एका वर्षाची तूट पुढच्या वर्षांच्या डोक्यावर बसते. करार जानेवारी २०२० मध्ये झाला आणि काही महिन्यांतच करोना आला. त्या वर्षीचा सगळा हंगाम फ्लोरिडातल्या ब्रेडेंटन इथे, प्रेक्षकांविना, २२ सामन्यांत उरकला. पहिल्याच वर्षी पडलेला तो खड्डा भरल्याशिवाय वाटणी सुरूच होणार नव्हती.

आता एक साधा गुणाकार. २०२५ मध्ये १३ संघ, प्रत्येकाची मर्यादा १५,०७,१०० डॉलर. सगळ्या लीगचा पगार मिळून साधारण १ कोटी ९६ लाख. नव्या प्रक्षेपण करारातून वर्षाला येणारे एकटेच २० कोटी. म्हणजे जुनेच पगार चालू ठेवले असते तर टीव्हीच्या पैशातला जेमतेम दहावा हिस्सा खेळाडूंकडे गेला असता, आणि यात तिकिटं व प्रायोजक धरलेले नाहीत. दुसरीकडून पाहा: दोन लीगच्या प्रक्षेपण करारांत ३५ पट फरक आहे, पण २०२५ मध्ये दोन्हीकडच्या संघांच्या पगारमर्यादेत तो १०० पटींहून जास्त होता. उत्पन्नातल्या फरकाने ३५ पट समजावता येतात. उरलेला फरक करार कसा लिहिला यातून आलेला होता.

म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने तो करार मुदतीआधी संपवायचं ठरवलं, आणि जुलै २०२५ च्या ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या, सामन्याआधी दोन्ही संघ 'आमचं देणं आम्हाला द्या' अशा अर्थाचे टी-शर्ट घालून सरावाला उतरले. एनबीएइतका पगार ही त्यांची मागणी नव्हती. एनबीएत जसा उत्पन्नाशी बांधलेला वाटा असतो तसा वाटा, ही होती. या दोन मागण्यांची गल्लत केली की पुढची सगळी चर्चा भरकटते.

कमी पगाराचा परिणाम खेळावर कसा होतो, हेही आकड्यांइतकंच महत्त्वाचं आहे. हंगाम मे ते ऑक्टोबर, म्हणून उरलेले महिने खेळाडू तुर्की, रशिया, चीनमध्ये खेळायच्या. तिथे पैसे इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. २०१५ मध्ये डायना टॉरासीने तिच्या रशियन क्लबच्या सांगण्यावरून अख्खा डब्ल्यूएनबीए हंगाम सोडला. शरीराला विश्रांती मिळावी म्हणून क्लबने तिला पैसे दिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनी ग्राइनर मॉस्कोच्या विमानतळावर अटकेत पडली तीही अशाच हंगामासाठी परतताना. वर्षभर न थांबता खेळल्याने गुडघे आणि घोटे झिजतात, आणि चाहत्यांना घरच्या संघात आवडती खेळाडू पूर्ण ताकदीने दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नफीसा कॉलियर आणि ब्रेआना स्ट्युअर्ट यांनी मायामीत 'अनरायव्हल्ड' ही तीन विरुद्ध तीन खेळाडूंची लीग सुरू केली. तिथे सरासरी पगार दोन लाख डॉलरच्या वर आणि खेळाडूंना कंपनीत भागीदारी. हिवाळ्यात मायदेशी राहून कमावण्याची सोय आधी खेळाडूंनीच उभी केली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

प्रवासाचंही तसंच. एनबीएचे संघ खासगी विमानाने फिरतात. डब्ल्यूएनबीएत मे २०२४ पर्यंत साधं प्रवासी विमान हाच नियम होता, कारण एका श्रीमंत मालकाने खासगी विमान दिलं तर तो इतरांवर अन्याय मानला जाई; २०२१ मध्ये गुपचूप खासगी विमानं वापरल्याबद्दल न्यूयॉर्क लिबर्टीला पाच लाख डॉलर दंड झाला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये लास वेगास एसेसचा संघ रद्द आणि उशिरा सुटलेल्या विमानांमुळे २५ तासांहून जास्त प्रवास करून सामन्याच्या काही तास आधी वॉशिंग्टनला पोचला. सहा फुटांहून उंच खेळाडू, विमानतळावरची रात्र, झोप नाही. दुखापतीचा धोका नको म्हणून त्यांनी खेळायला नकार दिला. लीगने सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल केला, आणि हंगामाच्या शेवटी त्यांची प्लेऑफ (विजेतेपदासाठीची बाद फेरी) एका विजयाने हुकली.

केटलिन क्लार्क आणि तिच्या पलीकडे

२०२४ ची उसळी बहुतेक जण एकाच नावाशी जोडतात: आयोवाच्या कॉलेज संघातून त्या वर्षी इंडियाना फीव्हर संघात आलेली केटलिन क्लार्क. त्यात तथ्य आहे. इंडियाना फीव्हरच्या घरच्या सामन्यांना त्या वर्षी सरासरी १७ हजार लोक आले. लीगची सरासरी २०२३ च्या सुमारे ६,६०० वरून ९,८०० वर गेली. पण क्लार्क एवढी मोठी होऊन लीगमध्ये आली त्यामागे एक नियम आहे. एनबीएत अमेरिकन मुलगा कॉलेजचं एक वर्ष खेळून १९ व्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, जाऊ शकतो. डब्ल्यूएनबीएत साधारण चार वर्षं कॉलेज किंवा २२ वर्षं वय लागतं. त्यामुळे मुली चार वर्षांचा चाहतावर्ग बरोबर घेऊन येतात. आयोवात ऑक्टोबर २०२३ मध्ये क्लार्कच्या संघाचा एक सराव सामना फुटबॉलच्या मैदानावर ठेवला, तर ५५,६४६ लोक आले. त्याच राज्यात मुलींचं सहा-सहा खेळाडूंचं जुन्या नियमांचं बास्केटबॉल शाळांमधून १९९३ पर्यंत चालू होतं आणि राज्यस्पर्धेला गर्दी व्हायची. प्रेक्षक आकाशातून पडले नव्हते.

२०२५ मध्ये दुखापतींमुळे क्लार्क फक्त १३ सामने खेळली. ती नसताना फीव्हरच्या सामन्यांचे टीव्हीवरचे प्रेक्षक घटले, हे खरं. पण त्याच वर्षी गोल्डन स्टेट वाल्कीरीज हा नवा संघ सॅन फ्रान्सिस्कोत उतरला, त्याच्याकडे क्लार्कसारखं एकही नाव नव्हतं, आणि घरचे २२ च्या २२ सामने पूर्ण विकले गेले, दर सामन्याला १८,०६४ प्रेक्षक. हा सरासरी आकडा एनबीएच्या पातळीचा आहे. मला हा आकडा क्लार्कच्या कुठल्याही विक्रमापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण खेळाडू जखमी होतात, निवृत्त होतात. शहराला लागलेली सवय टिकते.

वाल्कीरीजनी लीगमध्ये येण्यासाठी ५ कोटी डॉलर मोजले होते. २०२६ साठी टोरांटो आणि पोर्टलँड ठरले, आणि जून २०२५ मध्ये क्लीव्हलँड, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया हे २०२८ ते २०३० दरम्यान येणारे संघ जाहीर झाले, प्रत्येकी २५ कोटींच्या प्रवेशशुल्कावर. हे शुल्क पगाराच्या हिशोबात येत नाही. ते आधीच्या भागधारकांच्या वाट्याला जातं.

संघ वाढल्याने खेळाडूंचा फायदा वेगळ्या वाटेने होतो. २०२५ पर्यंत संघात जास्तीत जास्त १२ जणी असायच्या. २०२४ मध्ये १२ संघ, म्हणजे अख्ख्या लीगमध्ये १४४ जागा, तर एनबीएत मुख्य करारांच्याच ४५०. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये ३६ मुली निवडल्या गेल्या आणि त्यांतल्या अनेकींना हंगाम सुरू होण्याआधी सराव शिबिरातूनच घरी जावं लागलं. पुरुषांना अशा वेळी एनबीएची जी-लीग ही दुसऱ्या फळीची लीग असते. महिलांना थेट परदेशाचा रस्ता. त्याच हिशोबाने १८ संघ झाले की जागा २१६ होतील. तोवर दुसऱ्या फळीची लीग उभी राहिली नाही तर शिबिरात अडखळलेली २२ वर्षांची खेळाडू पुन्हा तुर्कीच्या विमानात बसेल.